एका रात्रीत ५९ अ‍ॅप बंद होतात, मग एका पोरीचं खोटं अकाउंट का नाही?

सेतूवाली
रविवार, ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार. मी इथे वाचत असते, लिहायची ही दुसरीच वेळ. सोलापूर-धाराशिवच्या शिवेवरच्या एका गावात माझं ई-सेवा केंद्र आहे. लोक अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, आणि बाजूला झेरॉक्स. ११ वर्षं झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत लोक निराळीच कामं घेऊन यायला लागलेत. "ताई, ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं." "ताई, ह्या नंबरावरून घाण व्हिडिओ कॉल येतोय, कुठं सांगायचं?" पैशाचं असेल तर मी लगेच १९३० लावून देते. पण गुरुवारी जे आलं त्याला १९३० चा उपयोग नव्हता.

आमच्याच आळीतली मुलगी. वय १९, नर्सिंगला आहे. मावसबहिणीच्या हळदीतला तिचा फोटो कुणीतरी उचलला, चेहरा कापला आणि उघड्या बाईच्या धडावर लावला. तिच्या नावाने अकाउंट काढलं, खाली कॉलेजचं नाव, गावाचं नाव. गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला तिच्या भावाच्या मोबाइलवर त्याची लिंक आली. तोवर गावातली चाळीसेक पोरं त्या अकाउंटला जोडली गेली होती. त्यातली काही रोज तिच्याच एसटीत बसतात.

बापाने पहिलं काय केलं, तर मुलीचा मोबाइल दगडावर आपटला. तिने काय केलं होतं? तिला आलेले मेसेज, धमकी, सगळं त्यातच होतं.

शुक्रवारी मी आणि तिची आई ठाण्यात गेलो. अर्ज घेतला, प्रतीवर शिक्का दिला. माणसं वाईट बोलली नाहीत, पाणीसुद्धा विचारलं. पण म्हणाले, सायबरचं जिल्ह्याला असतं, आणि पोरीला थोडे दिवस मामाकडे ठेवा. परत येऊन मी केंद्रावरून राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार भरली, नंबर आला. अ‍ॅपवरही "रिपोर्ट" केलं. पाऊण तासात उत्तर: हा मजकूर आमच्या नियमांत बसतो. कुणी माणसाने बघितलं असेल असं मला वाटत नाही.

आता गावात चर्चा अशी की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करायचा, लग्न न झालेल्या मुलींच्या हातात मोबाइल द्यायचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाचा दाखला देतात. पण बांशीने २०२२ साली ठराव केला तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी, मुलं-मुली दोघांसाठी. इथे फक्त मुली. फोटो ज्याने केला त्याचा मोबाइल त्याच्या खिशात राहणार.

माझा प्रश्न असा. जून २०२० मध्ये सरकारने एका फटक्यात ५९ चिनी अ‍ॅप बंद केली. टिकटॉक सकाळी होतं आणि मग नव्हतंच. एवढी ताकद असताना एक अकाउंट बंद करायला चार दिवस का पुरत नाहीत? कायदा अपुरा आहे का? सरकारला आणखी कडक अधिकार द्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा. पण त्याआधी उद्या सकाळी मी काय करू ते सांगा, कारण ते अकाउंट आत्ताही चालू आहे.

कोर्टाची पायरी
रविवार, ३ ऑगस्ट, रात्री ११:५५

ताई, मी वकिली करतो, लातूरला. उद्या सकाळची वाट बघू नका, आत्ताच करा.

"रिपोर्ट" बटण आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो. पान शोधायला त्रास होईल, पण असतं. त्याला लिहा आणि नियम ३(२)(बी) असा स्पष्ट उल्लेख करा. नग्न चित्र, किंवा छेडछाड केलेलं चित्र लावून दुसऱ्याचं सोंग घेणं, यात आत्ता, २०२५ मध्ये, तक्रार आल्यापासून २४ तासांत ते हटवायचं बंधन आहे. तक्रार स्वतः मुलीनेच केली पाहिजे असं नाही, तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. म्हणजे तुम्ही करू शकता. अकाउंटची आणि प्रत्येक फोटोची वेगळी लिंक द्या. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील होतं. २०२३ पासून अशा तीन समित्या आहेत.

हटवण्याआधी पुरावा घ्या. नाव, लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. भावाचा मोबाइल जसा आहे तसा जपा, काही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा मूळ मोबाइल नसला की समोरचा वकील तिथेच अडवतो. फुटलेला मोबाइलही टाकू नका.

आता तुमचा मोठा प्रश्न. ५९ अ‍ॅप बंद केली ती माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६९अ खाली. तो अधिकार देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आहे. एका मुलीची अब्रू त्या यादीत नाही. तिच्यासाठी वेगळी कलमं आहेत: ६६क ओळख चोरण्याबद्दल, ६६ड सोंग घेऊन फसवण्याबद्दल, ६७ आणि ६७अ अश्लील मजकुराबद्दल. (हा "क" आणि इंग्रजी "सी" यांचा गोंधळ ठाण्यातही होतो, म्हणून अर्जात गुन्ह्याचं वर्णन लिहा, कलम त्यांना लावू द्या.) ६७ जामीनपात्र आहे, ६७अ नाही.

कडक अधिकाराबद्दल मात्र थांबून विचार करा, असं कळकळीने सांगतो. एक कलम असं होतं, ६६अ. कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असं काही ऑनलाइन लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघी तेव्हा विशीतल्या होत्या, तुमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. पुढे श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. ढिसाळ शब्दांत दिलेला कडक अधिकार पहिल्यांदा कुणावर चालतो ते आपल्याच राज्यात दिसलं.

त्याच निकालाचा दुसरा भागही सांगतो, तो फारसा बोलला जात नाही. कोर्टाने म्हटलं की कंपनीला मजकुराची "माहिती होती" असं तेव्हाच धरायचं जेव्हा कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश तिच्या हातात पडेल. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी ते योग्यच होतं, नाहीतर कुणीही उठून कुणाचाही लेख काढायला लावला असता. पण तुमच्या आळीतल्या मुलीसारखीचं काय? ती कुठून आणणार आदेश? २०२१ च्या नियमातली ती २४ तासांची तरतूद अशांसाठी आहे. कुणाला माहीत नाही, एवढंच.

जुना हवालदार
सोमवार, ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

३२ वर्षं खात्यात काढली, आता निवृत्त. ताई, तुमची तक्रार खरी आहे, पण ठाण्याची बाजूही ऐका.

आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्यानेच करायचा असतो. फौजदाराला किंवा हवालदाराला तो अधिकार नाही. तालुक्याच्या ठाण्यात पीआय बहुधा एक. यात्रा त्याच्याकडे, बंदोबस्त त्याच्याकडे, खून-दरोडे त्याच्याकडे. म्हणून "जिल्ह्याला जा" हे वाक्य तयार असतं. चुकीचंच आहे ते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात दाखल करून घेता येतो, नंतर वर्ग करता येतो.

दाखल झाल्यावर काय होतं? कंपनीला पत्र जातं. ती अकाउंटचा नंबर, ई-मेल, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देते. तो आयपी मोबाइल कंपनीकडे न्यायचा. तिथे कळतं की एकाच वेळी शेकडो फोन त्याच आयपीवर होते. वेळ सेकंदापर्यंत आणि पोर्ट नंबर असेल तरच माणूस निघतो. पत्रात यातलं एक राहिलं की पुन्हा पत्र. मी स्वतः अशी पत्रं टाइप केली आहेत आणि माझ्या चुकीने एकदा दीड महिना गेला. ती मुलगी परीक्षेला बसली नाही. आजही आठवतं.

तुम्ही हे करा. अर्जाची नुसती पोच नको, गुन्हा नोंदवल्याची प्रत मागा. एनसी (अदखलपात्र नोंद) करून देत असतील तर घेऊ नका, हा दखलपात्र गुन्हा आहे. नाही म्हणाले तर सगळं लिहून एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तो कायद्यातलाच मार्ग आहे, भांडण नाही.

सेतूवाली
मंगळवार, ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

वकीलसाहेब, हवालदारकाका, तुमचे उपकार कसे फेडू? रविवारी रात्री एक वाजेपर्यंत ते पान शोधलं. इंग्रजीत होतं, पार तळाशी. भाचा बारावीला आहे, त्याच्या मदतीने ११ लिंका टाकल्या, नियमाचा आकडा टाकला. सोमवारी संध्याकाळी सातला अकाउंट गेलं. म्हणजे २४ तासही लागले नाहीत. मुलीची आई केंद्रात येऊन नुसती बसून राहिली, बोलली काही नाही.

आज दुपारी दुसरं अकाउंट निघालं. नावात एक अक्षर जास्त, फोटो तेच.

थेट बोलतो
मंगळवार, ५ ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, म्हणूनच मी नेहमी म्हणतो, प्रत्येक अकाउंटला आधार जोडणं सक्तीचं करा. ज्याचं आधार त्याचं अकाउंट. मग कोण हिंमत करेल? मलाही दोन मुली आहेत. वकीलसाहेबांचं स्वातंत्र्याचं म्हणणं पटतं, पण तोंड लपवून घाण करायचं स्वातंत्र्य कुणाला हवंय?

सेतूवाली
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी ३:३०

दादा, मुलींचे बाप म्हणून तुम्हाला जी काळजी वाटते तीच मला वाटते. रविवारी कुणी हेच लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. पण आधार हा माझ्या रोजच्या हातातला कागद आहे, म्हणून सांगते.

माझ्या केंद्रात दिवसाला साठ-सत्तर आधारच्या झेरॉक्स निघतात. त्यातल्या निम्म्या लोक टेबलावर विसरून जातात. मी रोज संध्याकाळी फाडते, पण सगळे फाडतात असं नाही. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या बाबांना पेन्शनच्या कामासाठी संचार साथी ह्या सरकारी साइटवर त्यांच्या नावावरची सिमं बघून दिली. सहा निघाली. बाबांकडे एकच साधा फोन, तोही नातवाने दिलेला. उरलेली पाच कुठे आहेत, कोण कुणाला त्यावरून फसवतंय, देव जाणे. उद्या अकाउंटला आधार जोडलं तर त्या पोरीच्या नावाचं अकाउंट ह्या बाबांच्या आधारवर निघेल. पोलीस बाबांच्या दारात येतील.

आणि दुसरं. माझ्याकडे बायका येतात, नवरा मारतो असं कुठेतरी लिहायचं असतं, नाव द्यायचं नसतं. सायबर पोर्टलवरसुद्धा बाया-मुलांच्या तक्रारीसाठी नाव न देता तक्रार करायची सोय ठेवली आहे, ती उगीच नाही. नाव लपवणारा दर वेळी चोर नसतो. पुष्कळदा नाव लपवूनच तिला बोलता येतं.

म्हणून आता मला वाटायला लागलंय की माझा रविवारचा प्रश्नच थोडा चुकला. मला हवा होता तो तास, म्हणजे ते लवकरात लवकर हटणं. सरकारची ताकद वाढवून हवी होती असं नव्हे.

मंगळवेढेकर
बुधवार, ६ ऑगस्ट, रात्री ८:४५

सेतूताई, तुमचं "तास" वाचून राहवलं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला गेलेली. त्यांतले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आणि चित्रफिती तेव्हा सगळीकडे फिरत होत्या. त्यातली एक तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती, शेवट कापून फिरवलेली. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. इकडे बातमी आली तेव्हा पालांमध्ये जो आक्रोश झाला तो मी ऐकलाय. आमच्या शेताशेजारीच त्यांची पालं असतात. त्यांचे आजे-पणजे त्याच वाटांनी राज्यभर फिरत आलेत.

त्यानंतर सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला. त्याच जुलैत "फॉरवर्डेड" असा शिक्का आला आणि भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पुढे पाठवायची मर्यादा आली. काही महिन्यांनी तीच मर्यादा जगभर लागू केली. कुणी काय लिहावं, काय खरं, काय खोटं, याच्यात सरकारला शिरावं लागलं नाही. नुसता वेग कमी केला. हे राईनपाड्याच्या आधी का झालं नाही, हे मला अजून छळतं. कंपनीला करता येत होतं ना!

आणि खरं-खोटं ठरवायचं सरकारवर सोपवलं की काय, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेलं आहे. केंद्राने २०२३ मध्ये स्वतःबद्दलच्या बातम्या खोट्या ठरवायला सत्यता तपासणी कक्षाचा नियम केला, तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. मला तो निकाल पटतो. आमच्या शेजारच्या ह्या पालांबद्दल सरकारी कागदात काय काय लिहिलं होतं एकेकाळी, ते आम्ही विसरलो नाही.

अनघा, मेलबर्न
गुरुवार, ७ ऑगस्ट, पहाटे ५:१५

मूळची बार्शीची, इथे १४ वर्षं. हायस्कूलमध्ये काम करते, त्यामुळे असे प्रकार इथेही बघते, इथली मुलंही काही कमी नाहीत.

इथे ई-सेफ्टी कमिशनर म्हणून स्वतंत्र कार्यालय आहे, २०१५ पासून. असा फोटो निघाला की मुलगी थेट त्यांना कळवते, पोलिसांकडे जायच्या आधी. ते कार्यालयच कंपनीला नोटीस काढतं आणि २०२१ च्या कायद्याप्रमाणे २४ तासांत फोटो हटवावा लागतो. न ऐकल्यास दंड. तास तुमच्याकडेही २४ च आहेत, पण इथे घड्याळाकडे बघायला कुणीतरी नेमलेलं आहे. तुमच्याकडे ते काम एका सेतूवाल्या ताई रात्री एक वाजता करत होत्या.

दुसऱ्या अकाउंटबद्दल: स्टॉप एनसीआयआय नावाची साइट आहे, १८ च्या वरच्यांसाठी, फुकट. फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. साइट त्याचा फक्त एक ठसा बनवते, आकडे-अक्षरांचा, आणि तो सहभागी कंपन्यांना देते. तोच फोटो पुन्हा चढवला की जुळतो आणि अडतो. छेडछाड केलेले फोटोही चालतात. फोटो थोडा कापून बदलला तर निसटू शकतो, म्हणून जेवढी रूपं मिळाली असतील तेवढ्या सगळ्यांचे ठसे करा. हे मुलीने स्वतः करायचं असतं, शेजारी तुम्ही बसा. मुलगी १८ च्या आतली असेल तर "टेक इट डाउन" नावाची वेगळी सोय आहे.

सेतूवाली
रविवार, १० ऑगस्ट, रात्री ९:५०

अनघाताई, केलं. गुरुवारी केंद्राचं शटर अर्धं ओढून मुलीला माझ्या खुर्चीत बसवलं. सात फोटोंचे ठसे केले. दुसरं अकाउंट शुक्रवारी गेलं, तीच पद्धत. तिसरं अजून तरी निघालेलं नाही, रोज सकाळी बघते.

काल राखी होती. ती मामाकडे गेली नाही, घरीच होती. भावाने तिला मोबाइलचे पैसे ओवाळणीत घातले. बाप समोर बसला होता, काही बोलला नाही.

सरपंचबाईंशी बोलले. ग्रामसभेत मुलींच्या मोबाइलचा विषय आला तर मी दुसरा ठराव मांडणार आहे: आपल्या तालुक्याच्या ठाण्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सायबरचा माणूस बसावा, आणि तक्रार अधिकाऱ्याचं ते पान शोधून मराठीत फॉर्म कसा भरायचा याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. कागद मीच तयार केलाय, मोठ्या अक्षरात. कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवते. हात वर करायला किती जणी येतील माहीत नाही, दुपारी भांगलणीची कामं आहेत.

उद्या पहिल्या एसटीने आम्ही चौघं जिल्ह्याला निघालोय, ती, आई, भाऊ आणि मी. अर्जाच्या तीन प्रती, स्क्रीनशॉटच्या प्रिंटा, पोर्टलचा नंबर, भावाचा मोबाइल, फुटलेला मोबाइल पिशवीत बांधून. आणखी काही लागेल का?

जुना हवालदार
रविवार, १० ऑगस्ट, रात्री १०:१५

भावाच्या मोबाइलचा चार्जर घ्या. पासवर्ड कागदावर लिहून पोरीकडे द्या. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. आणि जबाब मुलीलाच देऊ द्या, महिला अंमलदारासमोर, तुम्ही मध्ये बोलू नका. साडेदहाच्या आत पोचा, नंतर साहेब मीटिंगला जातात.